बाकी बाग छान, पण त्या एका जागी काहीच टिकत नाही

बागा आखून द्यायचं आणि लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात एक तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की पहिल्या वाक्यावरच पुढचं कळतं: "बाकी सगळं मस्त वाढतंय हो, त्या कोपऱ्यात मात्र काही जगतच नाही." ती जागा बहुतेक वेळा मोक्याची असते. फाटकाजवळ, पायरीशेजारी किंवा खिडकीसमोर, म्हणजे नजर पहिल्यांदा जाते तिथेच. त्यामुळे माणसं हट्टाने तिथेच लावत राहतात. जास्वंद गेली की अनंत, अनंत गेला की तगर. झाड दर वेळी नवं असतं, खड्डा मात्र तोच राहतो. मी जेव्हा जेव्हा असा खड्डा उकरला आहे, तेव्हा दोष झाडात क्वचितच सापडला आहे.

आधी लक्षणं नीट बघा

झाड कसं मेलं याइतकंच ते किती दिवसांत मेलं हे महत्त्वाचं आहे. लावल्यापासून तीन-चार आठवड्यांत गेलं असेल, तर लावण्याची पद्धत किंवा पाणी यांतच चूक असते. पहिला पावसाळा सरताना गेलं असेल, तर निचऱ्याचा संशय घ्या. वर्ष-दोन वर्षं जगतं, पण बोटभरही वाढत नाही आणि मग हळूहळू वाळतं, असं असेल तर खाली काहीतरी अडवतंय. राडारोडा, दगडासारखी घट्ट माती किंवा शेजारच्या मोठ्या झाडाची मुळं.

पानंही बरंच सांगतात. माती ओली असूनही पानं मलूल पडली असतील, तर मुळं कुजत आहेत. खालची जुनी पानं आधी पिवळी पडून गळत असतील, तर पाणी जास्त होतंय किंवा नत्र कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, हे लोह न मिळाल्याचं लक्षण. अशी जागा भिंतीलगत असेल तर मातीत चुना किंवा सिमेंट असण्याची शक्यता खूप मोठी. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या असतील, तर कोरड, क्षार किंवा भिंतीवरून परतणारी उष्णता. झाड हलवल्यावर बुंध्यापाशी डुगडुगत असेल, तर मुळांनी जमीन धरलेलीच नाही.

एका गोष्टीवर पुन्हा जोर देते, कारण झाडं सर्वांत जास्त याच गैरसमजाने मरतात. तहानेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. दोन्ही माना टाकतात. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाडही तहानेने सुकतं. मालक ते बघून आणखी एक बादली ओततो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी बोटाची. खोडापासून वीतभर अंतरावर बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर किंवा जाड सळई वीतभर खोल दाबून बाहेर काढा. वर कोरडं आणि खाली चिखल लागला, तर पाणी बंद करा आणि आठवडाभर थांबा. वर ओलं आणि खाली धूळ, तर तुम्ही रोज शिंपडा मारताय, पाणी मुळांपर्यंत पोचतच नाही. सळई चार बोटांवरच अडली, तर माती दबलेली आहे किंवा खाली काहीतरी पुरलेलं आहे. याच एका सळईने माझं निम्मं निदान होतं, म्हणून ती मी कायम पिशवीत ठेवते.

दुसरी तपासणी बुंध्याची. यात पाच मिनिटंही लागत नाहीत आणि तरी कोणी करत नाही. खोड जिथे रुंद होत मुळांत उतरतं, तो फुगीर भाग जमिनीच्या वर दिसायला हवा. खोड खांबासारखं सरळ मातीत गेलेलं दिसत असेल, तर झाड खोल लावलं गेलंय किंवा नंतर त्यावर माती आणि खत चढत गेलंय. खोडाची साल सतत ओलीत राहायला बनलेली नसते. ती आतून कुजते आणि झाड सहा महिन्यांनी "अचानक" जातं. पालापाचोळ्याचं आच्छादनही खोडाला टेकवू नका. थर 5 ते 8 सेंटीमीटरचा ठेवा आणि खोडाभोवती चार-सहा बोटं जागा उघडी सोडा. माती जास्त चढली असेल तर हाताने उकरून फुगीर भाग मोकळा करा. कोवळं झाड असेल तर कित्येकदा एवढ्यानेच सावरतं.

तिसरी तपासणी उन्हाची. त्या जागेचा दर दोन तासांनी एक फोटो घ्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. थेट ऊन सहा तास किंवा जास्त मिळालं तर ती पूर्ण उन्हाची जागा, तीन ते सहा तासांची अर्धसावली आणि त्याहून कमी म्हणजे सावली. "इथे भरपूर उजेड असतो" असं म्हणून लोक सावलीत गुलाब लावतात. उजेड आणि ऊन यांत गुलाबाला फार मोठा फरक पडतो. हेच फोटो दुसऱ्या ऋतूत पुन्हा काढा. सूर्याची वाट वर्षभर सरकत असते, त्यामुळे हिवाळ्यात भिंतीच्या सावलीत झोपलेला कोपरा उन्हाळ्यात दिवसभर तापू शकतो. पश्चिमेकडे तोंड केलेल्या भिंतीला किंवा काचेला दुपारी चार वाजता तळहात लावून बघा. हात ठेववत नसेल तर त्या भिंतीलगतच्या नाजूक पानांचं काय होत असेल ते कळेल.

चौथी तपासणी म्हणजे तिथे वरून काय पडतं ते बघणं. वळचणीखालची जागा फसवी असते. छपराच्या अगदी आत पाऊस पोचत नाही, ती पट्टी भर पावसातही कोरडी राहते. त्यापासून हातभर पुढे मात्र पागोळ्यांचा मारा बसतो, माती उडते आणि मुळं उघडी पडतात. एकाच वाफ्यात एक झाड तहानेने आणि शेजारचं पाण्याने गेलेलं मी पाहिलं आहे. कपडे धुतलेलं पाणी, गच्चीची टाकी धुतल्याचं पाणी, वातानुकूलन यंत्राची गरम हवा, फरशी पुसल्याच्या बादलीतलं औषध यांपैकी त्या कोपऱ्यात काय येतं ते घरातल्या प्रत्येकाला विचारा. उत्तर बहुधा त्या माणसाकडे असतं, ज्याला बागेबद्दल कोणी विचारलेलंच नसतं. आणि कुत्रा रोज त्याच जागी पाय वर करत असेल, तर तेही कारण खरं आहे. लघवीतल्या क्षारांनी मुळं जळतात.

मेलेलं झाड फेकू नका, उपटून बघा

आता फावडं लागणार. मेलेलं झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा आणि तो गोळा सावकाश धुवा.

फाटकालगतच्या एका वाफ्यातली जास्वंद मला अजून आठवते. लावून चौदा महिने झाले होते. हाताने ओढली आणि ती अलगद वर आली. खाली मुळांचा गोळा हुबेहूब कुंडीच्या आकाराचा होता, कुंडीच्या तळाच्या भोकाचा ठसासुद्धा त्यावर तसाच. मुळं गोल गोल फिरून दोरीसारखी आवळलेली आणि चौदा महिन्यांत एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलेलं नव्हतं. तिने त्या बागेत पाय टाकलाच नव्हता, ती आपली जुन्या कुंडीतच राहत होती. रोपवाटिकेत जास्त दिवस राहिलेल्या रोपांचं हे नेहमीचं दुखणं. लावताना मुळं बोटांनी सोडवायला हवीत. फारच गुंडाळली असतील तर गोळ्याच्या बाजूंना धारदार सुरीने उभे तीन-चार काप द्यायचे आणि तळाची चकती कापून टाकायची. लोकांना त्याची भीती वाटते, पण कापलेल्या जागेतून नवी मुळं बाहेरच्या दिशेला फुटतात. न कापलेली पुढे खोडालाच फास घालतात.

मुळांचा रंग आणि वासही तपासा. जिवंत मूळ आतून पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं आणि चिमटीत धरून ओढलं की त्याची साल सुटून आत दोरा उरतो. मातीला सडक्या अंड्यासारखा वास आला आणि तिचा रंग निळसर-राखाडी दिसला, तर तिथे हवा बराच काळ पोचलेली नाही. मुळं श्वास घेतात. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो, त्यामुळे मातीतली पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात.

मुळांवर गाठी दिसल्या तर त्या नखाने काढून बघा. शेंगावर्गीय झाडांच्या उपयोगी गाठी सहज सुटतात. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी मुळाचाच फुगलेला भाग असतात, त्या सुटत नाहीत. तशा गाठी असतील तर भर उन्हाळ्यात ती जागा खणून, भिजवून, पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवा. उष्णतेने वरच्या थरातले बरेच सूत्रकृमी मरतात. त्यानंतर एक हंगाम झेंडूची दाट लागवड करा. मुळं कुरतडलेली असतील तर खालच्या मातीत हुमणी शोधा. पांढरी, जाडजूड आणि इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी असते. हाताने वेचून काढल्या तरी घरच्या वाफ्यापुरतं भागतं.

निचऱ्याची चाचणी

हे सगळं बघूनही कारण मिळालं नाही, तर दोन दिवस काढा. ही चाचणी मी कधीच टाळत नाही. त्याच जागी 30 सेंटीमीटर खोल आणि तितकाच रुंद खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. लागली तर एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, वर आडवी काठी ठेवा आणि पाणी तासाला किती खाली जातं ते पट्टीने मोजा. पहिल्यांदा मोजलेलं धरू नका, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखं पाणी पिते आणि खोटा दिलासा देते.

तासाला 2.5 ते 7.5 सेंटीमीटर उतरलं तर निचरा चांगला आहे, कारण दुसरीकडे शोधा. 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरलं तर माती पाणी धरतच नाही. तिथे कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट सगळ्या वाफ्यात मिसळा आणि कमी पाण्यावर जगणारी झाडं निवडा. 2.5 पेक्षा कमी आलं तर खरा गुन्हेगार सापडला. रात्रभरात पाणी हललंच नाही तर तुम्ही झाड लावत नव्हता, हौद भरत होता.

इथे दोन प्रचलित उपायांपासून तुम्हाला मनापासून थांबवायचं आहे. पहिला म्हणजे खड्ड्याच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे टाकणं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच लोंबकळत राहतं. म्हणजे खडीमुळे चिखल आणखी वर, मुळांच्या जवळ येतो. दुसरा म्हणजे चिकण मातीत थोडी वाळू मिसळणं. चिकण मातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, ते वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकतात आणि वाळल्यावर ढेकूळ विटेसारखं कडक होतं. फरक पडेल इतकी वाळू घालायची तर जवळपास सगळी मातीच बदलावी लागेल.

तिसरी चूक जास्त मायेपोटी होते. चिकण जमिनीत एकच खोल खड्डा घेऊन त्यात उत्तम भुसभुशीत मिश्रण भरतात. भोवतालचं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. मुळंही मऊ माती सोडून बाहेर जात नाहीत. म्हणून खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद घ्या आणि निघालेलीच माती परत भरा. खत वरून पसरा, गांडुळं ते खाली नेतात.

मग निचरा सुधारायचा कसा? बहुतेक घरांत उत्तर खाली नसून वर असतं. 20 ते 30 सेंटीमीटर उंचीचा, ऐसपैस पायाचा उंचवटा करा आणि झाड त्यावर लावा. बहुतेक झाडांची अन्न घेणारी मुळं वरच्या हातभर मातीतच पसरतात, त्यांना एवढी उंची पुरते. आराखड्याच्या दृष्टीनेही सपाट बागेत असा एखादा उंचवटा सुंदर दिसतो. कडेला दोन-तीन दगड अर्धे मातीत रुतवून ठेवले की तो मुद्दाम केलेला उपाय वाटत नाही. फक्त घराच्या भिंतीला टेकवून माती चढवू नका, ओल भिंतीत शिरेल. भिंतीपासून बाहेरच्या दिशेला दर मीटरला निदान 2 सेंटीमीटर उतार हवा.

भिंतीलगतची जागा असेल तर

बांधकाम संपल्यावर उरलेलं सिमेंट, चुना, विटांचे तुकडे भिंतीलगत लोटून त्यावर वीतभर छान लाल माती पसरतात. वरून बाग, खाली राडारोडा. अशाच एका खिडकीखाली चार वर्षांत तीन अनंत गेले होते. तिन्हींची शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. मी पहारीने दीड फूट खणलं, तर दर घावाला ठणठण आवाज आणि राखाडी गठ्ठे. त्यातल्या बारीक चुऱ्यावर थोडं व्हिनेगर टाकलं, तर तो सरसरून फेसाळला. फेस आला म्हणजे मातीत चुन्याचा अंश आहे.

चुन्याने मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) वाढतो. बहुतेक बागेतल्या झाडांना 6 ते 7 च्या आसपासचा सामू मानवतो. 7.5 च्या वर गेला की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. फेरस सल्फेट हे लोहाचं साधं खत अशा मातीत टाकलं तर बघता बघता निकामी होतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं, मातीत न अडकणारं लोह) तिथे टिकतं, पण तेही तात्पुरतंच, वर्षानुवर्षं घालत बसावं लागतं. खरा उपाय कष्टाचा आहे. राडारोडा उपसा, निदान 45 सेंटीमीटरपर्यंत, आणि नवी माती भरा. तेवढं जमणार नसेल तर अनंत, इक्झोरा, अझेलिया यांचा हट्ट सोडा आणि चुनखडी सोसणारी झाडं घ्या. ऊन असेल तर बोगनवेल, कण्हेर, घायपात.

खणताना राडारोड्याऐवजी केसांसारख्या मुळांचं दाट जाळं लागलं, तर शेजारचं मोठं झाड ती जागा आधीच वापरतंय. मोठ्या झाडाची मुळं त्याच्या फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. ती तोडून जागा करू नका. काही महिन्यांत ती परत येतात आणि जाड मूळ तुटलं तर झाडाचा आधारच जातो. अशा जागी जमिनीवर मोठी कुंडी ठेवा, विटांवर उचलून, म्हणजे मुळं तळाच्या भोकातून आत शिरणार नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खणताना वायर, रंगीत पट्टी, वाळूचा थर किंवा कोणताही पाइप दिसला की हत्यार खाली ठेवा. वाळू आणि पट्टी सहसा खाली केबल किंवा गॅसची नळी असल्याची खूण असते. गॅसचा वास आला तर ठिणगी होईल असं काहीही न करता सगळ्यांना घेऊन बाजूला व्हा आणि गॅसवाल्यांना कळवा. बागेचं नंतर बघता येईल.

कोरड्या दिवसांतही ती जागा ओली राहत असेल, तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. तरीही काटा फिरत असेल तर गळती आहे, प्लंबरला बोलवा. मीटर स्थिर आहे, पण मातीला सांडपाण्याचा वास येतो, तर मैलावाहिनी फुटली असेल. ती माती हाताळू नका आणि तिथलं काही खाऊ नका.

घराच्या पायाशी पाणी साचतंय, भिंतीला तडे आहेत किंवा संरक्षक भिंत बाहेर फुगली आहे, तर स्थापत्य अभियंत्याने बघायलाच हवं. भिंतीलगत 60 सेंटीमीटरपेक्षा खोल खणायची वेळ आली तरीही तेच. मोठं झाड कललं असेल, त्याच्या बुंध्याशी अळंब्या उगवत असतील किंवा त्याचं मनगटाएवढं मूळ तोडायचं असेल, तर वृक्षतज्ज्ञाशिवाय हात लावू नका.

आणि वरचं सगळं करूनही दोष सापडला नाही, तर माती प्रयोगशाळेत द्या. पाच-सहा ठिकाणची, 15 ते 20 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पाठवा आणि सामू व क्षारता दोन्ही तपासायला सांगा. मरणाऱ्या कोपऱ्याचा एक नमुना आणि बागेतल्या निरोगी जागेचा दुसरा, असे दोन द्या. एकट्या अहवालातले आकडे बघून फारसं कळत नाही. दोन शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

पुन्हा लावताना

कारण सापडल्यावरही लगेच मोठं झाड आणू नका. लहान रोप मुळं लवकर धरतं आणि दोन वर्षांत मोठ्याला गाठतं. बुंध्याचा फुगीर भाग जमिनीच्या पातळीत, चिकण मातीत चार बोटं वर. पहिले दोन महिने दर चार दिवसांनी सळई घालून बघा आणि पाणी तिच्या सांगण्यावरून द्या, घड्याळाच्या नाही.

जिथे पाणी हटतच नाही आणि उंचवट्यालाही जागा नाही, तिथे पाणी आवडणारी झाडं लावा. कर्दळ, वेखंड, अळू. त्या जास्वंदीच्या जागी मी शेवटी कर्दळीचे सात कंद लावले. मागच्या पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी होतं आणि त्यातून लाल फुलांचे दांडे फाटकाच्या वर आले होते.